गवत दुपारी उपटलं, दम रात्री का लागला?

मैत्रिणींनो, मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "दुपारी बांधावरचं गाजरगवत उपटलं. शिंका आल्या, छाती भरली, मग बरं वाटलं. रात्री मात्र दम्याने झोपू दिलं नाही. असं का?"

हे गवत आपल्याकडे 1955 च्या सुमारास पुण्यातच पहिल्यांदा नोंदलं गेलं. आज चऱ्होलीत मोकळ्या प्लॉटवरही दिसतं. त्याचे परागकण श्वासातून आत जातात. ज्यांना त्याची ॲलर्जी आहे, त्यांच्या श्वासनळीतल्या मास्ट पेशींवर 'आयजीई' नावाची प्रतिद्रव्यं आधीच टपून बसलेली असतात. परागकण त्यांना चिकटले की पेशी हिस्टामाइन, ल्युकोट्राइन अशी द्रव्यं सोडतात. काही मिनिटांतच नळीचे स्नायू आवळतात, अस्तर सुजतं, चिकट कफ होतो. हा झाला दुपारचा त्रास.

पण हीच द्रव्यं रक्तातल्या इतर पेशींना सांगावा धाडतात. इओसिनोफिल नावाच्या पेशी जमतात आणि सूज वाढवतात. म्हणून साधारण 4 ते 8 तासांनी दम पुन्हा लागू शकतो.

दम थांबला तरी सूज लगेच जात नाही. भाजलेल्या हाताला कोमट पाणीही झोंबतं ना? तशी नळी हळवी होते. मग मिरचीची फोडणी, चुलीचा धूर, उदबत्ती, बांधकामाची धूळ, गार वारा, एरवी सोसणारं काहीही दम लावतं.

म्हणून पंप दोन प्रकारचे असतात. एक आवळलेली नळी लगेच मोकळी करतो. दुसरा, स्टेरॉइडचा, रोज घ्यायचा. तो आतली सूज उतरवतो. "बरं वाटतंय" म्हणून आपण नेमका हाच बंद करतो! पंपाची सवय लागत नाही. औषध थेट फुफ्फुसात जातं, त्यामुळे गोळीपेक्षा फार कमी मात्रा पुरते. घेतल्यावर चूळ भरून थुंकायची. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचा नाही.

दमा असलेल्या ताईंनी गवत उपटायला जाऊ नये. ते काम घरातल्या दुसऱ्याने करावं. तेही फुलं येण्याआधी, हातमोजे घालून आणि तोंडाला मास्क लावून.

बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळे पडले असतील, पंपाने आराम नसेल, तर वाट बघू नका. 108 ला फोन करा.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी पंप आहे, त्यांनी तो घेऊन या. कोणता रोजचा, कोणता तातडीचा, हे आशाताईंकडून समजून घेऊ.