पोरांना विचारून अभ्यासक्रम आखताना

शेलार गावची बरीच पोरं आमच्या भिवंडीच्या वर्गात असतात. कुणाच्या घरी यंत्रमाग, कुणाचे वडील सायझिंगला, कुणाचा भाऊ गोदामात. मालाची ने-आण आणि हिशेब यांवरचा ३० तासांचा सर्टिफिकेट कोर्स त्यांच्यासोबतच बसून आखला. त्यातून शिकलो ते असं.

१. ‘काय शिकायचंय?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: टॅली, एक्सेल, इंग्लिश स्पीकिंग. ‘घरी, कामावर कुठे अडतं?’ असं विचारा. एका मुलीने विचारलं, ‘सर, पप्पा टेम्पोतून सुताचे बीम कारखान्यावर नेतात. ई-वे बिल कधी बघितलं नाही. हे चुकीचं आहे का?’ पुस्तकात ५० हजारांची मर्यादा, तेवढीच. मग वर्गाने अधिसूचनाच काढून वाचली. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीला १ जुलै २०१८ पासून मर्यादा एक लाखाची आहे. शिवाय जॉबवर्कसाठी सूत किंवा कापड ५० किलोमीटरच्या आत न्यायचं, तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागत नाही. चलन मात्र लागतं. म्हणजे पप्पा बरोबर होते! त्या एका प्रश्नावर दोन तास गेले, आणि ते कोर्समध्ये कायमचे राहिले.

२. तासांची बेरीज त्यांनाच करू द्या. यादी तिसाच्या पार पुढे जाते, मग कात्री तेच लावतात. ‘गोदामांचे प्रकार, फायदे, तोटे’ एकमताने गेलं. जीएसटीची मूळ रचनाही काढायला निघाले होते. ती मी ठेवली आणि का ठेवली ते सांगितलं. शिक्षकाने नकाराचा अधिकार सोडू नये.

३. हात वर करणाऱ्यांचीच यादी होते. रात्रपाळी करून आलेला मागच्या बाकावर गप्प असतो. चिठ्ठ्या घ्या, हिंदी, उर्दू, तेलुगू, कुठल्याही भाषेत.

४. प्रश्नपत्रिका पोरांना काढायला सांगा. आपल्यापेक्षा अवघड काढतात.

५. स्वायत्त महाविद्यालयांच्या अभ्यास मंडळावर यूजीसीच्या नियमांनुसार माजी विद्यार्थी असतो, उद्योगातला प्रतिनिधी असतो. सध्या शिकणाऱ्याला खुर्ची नाही. त्याच्या वाट्याला येतो फीडबॅकचा फॉर्म, तोही बहुधा कोर्स संपल्यावर. पंगत उठल्यावर भाजी कोणती हवी होती, असं विचारल्यासारखा. तुम्ही अशा मंडळावर असाल, तर पुढच्या बैठकीला दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना निमंत्रित म्हणून बोलवा. त्यातला एक काम करून शिकणारा असू द्या.