मनातले वाक्य वहीत उतरवा



गेल्या पालकसभेनंतर आठवीतल्या एका मुलाचे वडील मागे थांबले. मुलाच्या गुणांविषयी काही विचारायचे असेल, असे मला वाटले. पण ते म्हणाले, "बाई, माझी नोकरी मार्चपर्यंतच आहे. घरी अजून सांगितलेले नाही." अठरा वर्षे ते औषध कंपनीचे प्रतिनिधी म्हणून इंदूर, खंडवा, बुऱ्हाणपूर असे फिरले. आता कंपनी या भागातली माणसे कमी करते आहे. पुढे ते एका दमात बोलून गेले, "त्रेचाळिसाव्या वर्षी मला कोण घेणार? फिरण्याखेरीज मला येते काय? घर चालवायला मी नालायक ठरलो." (त्यांना विचारून, ओळख न देता हे लिहीत आहे.)

इंदूरच्या मराठी घरांना ही भीती नवी नाही. हुकुमचंद मिल १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बंद पडली, आणि सुमारे ४८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये सुपूर्द व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला. ज्या घरांनी ती वाट पाहिली, त्यांना 'वाईट विचार करू नका' असे सांगून काय उपयोग? पगार थांबला तरी फी, किराणा आणि घराचा हप्ता थांबत नाही.

म्हणून मी त्यांना एवढेच सुचवले की, ही वाक्ये एका वहीत लिहून काढा आणि प्रत्येकापुढे लिहा : ही वस्तुस्थिती आहे की मी दिलेला निकाल? 'मार्चनंतर हा पगार नाही' ही वस्तुस्थिती. तिच्यासाठी आकडेमोड करावी लागते : शिल्लक किती, महिन्याचा खर्च किती, किती महिने निभेल. 'मी नालायक ठरलो' हा निकाल. त्याला पुरावा मागायचा. आपण नेमके उलटे करतो. आकडेमोड टाळतो आणि निकाल रात्रभर घोळवत बसतो.

ही पद्धत माझी नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५० नंतरच्या दशकात ती मांडली. त्यांचे म्हणणे असे की, घटना आणि तिचा मनावर होणारा परिणाम यांच्यामध्ये आपली एक समजूत बसलेली असते. घटना आपल्या हातात नसली तरी ती समजूत तपासता येते. एलिस यांनी स्वतःही वाटा बदलल्या होत्या. १९३४ साली व्यापारविषयक पदवी घेतली, भावाबरोबर जुन्या कोटांना जुळणाऱ्या विजारी विकण्याचा उद्योग केला. लेखक व्हायचे म्हणून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत जवळजवळ दोन डझन हस्तलिखिते पुरी केली, पण ती छापायला कोणी तयार होईना. मग ते मानसशास्त्राकडे वळले आणि १९४७ साली डॉक्टरेट मिळवली.

त्यांचा एक किस्सा फार बोलका आहे. एकोणिसाव्या वर्षी त्यांना अनोळखी मुलींशी बोलायची भयंकर भीती वाटे. तेव्हा न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात जाऊन एका महिन्यात त्यांनी शंभर जणींशी बोलण्याचा नेम पाळला. भेटायला एकच कबूल झाली, आणि तीही आली नाही! पण नकाराने आकाश कोसळत नाही, हे त्यांना कळले. (मुलांनो, यातला सराव तेवढा घ्या, बागेचा प्रयोग नको.)

आता त्या वडिलांकडे येऊ. 'मला कोण घेणार?' यापुढे मी विचारले, "आतापर्यंत किती ठिकाणी विचारलेत?" ते गप्प झाले. एकाही ठिकाणी विचारले नव्हते. 'मला येते काय?' यापुढे त्यांनी स्वतःच लिहिले : फार्मसीची पदविका, तीन जिल्ह्यांतले डॉक्टर आणि दुकानदार ओळखीचे, हिंदी-मराठी-इंग्रजी तिन्हींत व्यवहार, उधारीची वसुली. लिहिताना त्यांना थोडे हसू आले. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य मात्र सहजी पुसले जाईना. ते तसेच राहू द्या म्हटले. कामाला लागायला ते पुसलेच पाहिजे असे नाही.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या वहीतही अशी वाक्ये असतात. 'सहामाहीत गणितात ३८ गुण' ही वस्तुस्थिती. 'मी गणितात ढ आहे, आता माझे काही होणार नाही' हा निकाल. ३८ मधले गेलेले गुण कुठल्या प्रकरणात गेले, ते उत्तरपत्रिकेत दिसते. विज्ञान सोडून वाणिज्य घ्यावेसे वाटणाऱ्यांनीही हीच दोन सदरे आखून पाहावीत.

एक सांगणे जरुरीचे आहे. झोप उडाली, जेवण तुटले, काही केल्या मन उभारी घेत नाही किंवा जगणेच नको वाटू लागले, तर वही पुरत नाही. डॉक्टरांकडे जावे. शासनाची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते.

त्या गृहस्थांनी त्याच रात्री घरी सांगितले. वहिनींना बरेच आधी संशय आला होता म्हणे. आजवर अकरा ठिकाणी विचारून झाले. नऊ ठिकाणी नकार, एका रुग्णालयाच्या औषध भांडारात पगार सध्यापेक्षा सहा हजारांनी कमी, आणि एका ठोक विक्रेत्याचे उत्तर यायचे आहे. सहा हजार कुठून कापायचे, याचा हिशेब सध्या घरात चालू आहे. मुलाने आपणहून क्रिकेटच्या शिबिराचे नाव यादीत घातले होते, ते आईने खोडले.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी वाचनालयात असते. ज्या पालकांना वही घेऊन बसायचे असेल, त्यांनी यावे.