औषध तेच, पण विरघळण्याची चाल तीच आहे का?

धंतोली-रामदासपेठेत तपासणी करायची, चिठ्ठीवरची महिनाभराची औषधे तिथेच घ्यायची आणि गावी परतायचे, हा भंडारा, गोंदिया, वर्धा भागातील अनेक रुग्णांचा नेहमीचा परिपाठ आहे. अडचण येते ती पुढच्या महिन्यात. गावच्या दुकानात नेमके ते औषध नसते. दुकानदार म्हणतो, "कंपनी वेगळी, औषध तेच आहे." कुणी जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी सुचवतो. ती घ्यावी की नाही?

साध्या गोळीच्या बाबतीत उत्तर बहुधा 'घ्यायला हरकत नाही' असेच असते. परंतु ज्या गोळीच्या नावापुढे एस.आर., एक्स.एल., ई.आर., सी.आर., एम.आर. किंवा 'रिटार्ड' अशी अक्षरे असतात, तिच्या बाबतीत थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे.

जेनेरिक म्हणजे कमअस्सल नव्हे

मूळ संशोधक कंपनीचे पेटंट संपले की तेच औषध इतर कंपन्याही बनवू शकतात. संशोधनाचा व जाहिरातीचा खर्च नसल्याने ते स्वस्त पडते. हेच जेनेरिक औषध. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांच्या नावाने विकली जाणारी बहुतेक औषधेही या अर्थाने जेनेरिकच असतात, त्यांना केवळ व्यापारी नाव असते. शासनाने २००८ पासून जनऔषधी केंद्रे सुरू केली ती व्यापारी नावाशिवाय ही औषधे स्वस्तात मिळावीत म्हणून.

जेनेरिक औषधात वीस टक्के कमी-जास्त चालते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. मूळ व जेनेरिक औषध रक्तात किती उतरते याची तुलना करताना ८० ते १२५ टक्के ही मर्यादा सरासरीला नसून तिच्या दोन्ही बाजूंच्या संभाव्य चुकीसह पूर्ण पट्ट्याला असते. अमेरिकेत १९९६ ते २००७ या काळातील २०७० चाचण्यांचा आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी फरक केवळ साडेतीन ते साडेचार टक्के आढळला.

पाट आणि ठिबक

संत्र्याच्या बागेला पाटाने पाणी सोडले तर ते एकदम भरते. तेवढेच पाणी ठिबकने दिले तर दिवसभर पुरते. साधी गोळी म्हणजे पाट, आणि मंदगतीने विरघळणारी गोळी म्हणजे ठिबक. काही गोळ्यांत औषध अशा पदार्थात मिसळलेले असते, की जो पोटात फुगून बुळबुळीत होतो व औषध हळूहळू सोडतो. काही कॅप्सूलमध्ये वेगवेगळ्या थरांचे बारीक दाणे असतात. काही गोळ्यांच्या कठीण कवचाला सूक्ष्म छिद्र असते. त्यातून औषध बाहेर पडते आणि रिकामे कवच शौचावाटे जाते. ते पाहून औषध लागू पडले नाही असे समजू नये.

म्हणजे येथे औषधाइतकीच ते सोडण्याची यंत्रणाही महत्त्वाची आहे, आणि ती प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते. २०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार तर औषधाचा मंदगती प्रकार हा नेहमीच 'नवीन औषध' मानला जातो व त्याला केंद्राची परवानगी लागते.

एक बोलके उदाहरण

नैराश्यावरील बुप्रोपिऑन या औषधाची ३०० मि.ग्रॅ.ची एक मंदगती जेनेरिक गोळी अमेरिकेत डिसेंबर २००६ मध्ये मंजूर झाली. चाचणी मात्र १५० मि.ग्रॅ.च्या गोळीवर झाली होती. त्यावरून ३०० ची गोळीही तशीच असणार, असे धरले गेले. ती घेणाऱ्या काही रुग्णांनी डोकेदुखी, मळमळ आणि नैराश्य परतल्याच्या तक्रारी केल्या. अखेर ३०० ची प्रत्यक्ष चाचणी झाली. मूळ गोळीइतके औषध, त्याच वेगाने, रक्तात उतरत नाही असे दिसले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ती गोळी मागे घेण्यात आली. इतर कंपन्यांनाही ३०० ची चाचणी करण्यास सांगण्यात आले. घटक तोच, वजन तेच, पण चाल वेगळी होती.

आपल्याकडे जास्त आढळणारा धोका मात्र अक्षरांच्या अदलाबदलीचा आहे. मधुमेहाच्या ग्लिक्लाझाइडची ३० मि.ग्रॅ.ची एम.आर. गोळी साध्या ८० मि.ग्रॅ. गोळीच्या तोडीची असते. साठची एम.आर. घेणाऱ्याला 'जवळपास तेवढीच' म्हणून साधी ८० दिली, तर त्याला निम्मेच औषध मिळते. उलट साध्या ८० ऐवजी साठची एम.आर. दिली तर दुप्पट होते आणि साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

काय काळजी घ्यावी?

१. चिठ्ठीवरील व स्ट्रिपवरील तीन गोष्टी ताडून पाहाव्यात: घटकाचे नाव, मि.ग्रॅ. आणि पुढची अक्षरे. तिन्ही जुळल्याच पाहिजेत.

२. स्ट्रिप कापून घेताना नाव व मुदतीची तारीख असलेला भाग आपल्याकडे राहील असे पाहावे.

३. मंदगती गोळी चावू नये, कुटू नये, पाण्यात विरघळवू नये. दिवसभराची मात्रा एकदम रक्तात उतरते. मेटोप्रोलॉलसारख्या काही गोळ्यांवर मधोमध रेघ असते, त्या डॉक्टरांनी सांगितल्यास रेघेवर अर्ध्या करता येतात, पण कुटता येत नाहीत. घरच्या वृद्धांना गिळणे जमत नसेल तर डॉक्टरांना सांगून औषधाचा प्रकार बदलून घ्यावा.

४. स्वस्त जेनेरिक जरूर घ्यावे, पण डॉक्टरांना विचारून. चिठ्ठीवरील औषधाऐवजी दुसरे देण्याची मुभा औषधविक्रेत्याला नियमाने नाही. एकदा ठरलेली गोळी दर महिन्याला बदलू नये. फिटसाठीचे कार्बामाझेपिन आणि दम्यासाठीचे थिओफायलिन यांत तर कंपनीही शक्यतो तीच ठेवावी.

५. गोळी बदलल्यावर पहिले काही दिवस रक्तदाब किंवा साखर तपासून वहीत लिहावी. चक्कर, घाम, धडधड किंवा फिट आल्यास रिकामी स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जावे.

महागड्या औषधापायी उपचारच सोडून देण्यापेक्षा स्वस्त औषध नियमित घेणे केव्हाही चांगले. फक्त नावापुढची ती दोन अक्षरे किमतीच्या आधी वाचावीत.