अभ्यास पाठ : जेनबाईंनी विद्यापीठ कसं वाचवलं



घरातला कर्ता माणूस गेला की पहिल्याच महिन्यात एक प्रश्न उभा राहतो. घर आहे, शेत आहे, खात्यात पैसे आहेत, पण सही कुणाची चालणार? हा प्रश्न फक्त गरीब बाईला पडतो असं आपल्याला वाटतं. पण सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका अतिशय श्रीमंत बाईपुढेही तोच प्रश्न होता. त्यांचं नाव जेन स्टॅनफर्ड. स्टॅनफर्ड विद्यापीठ आज जगभर ओळखलं जातं. ते बंद पडायच्या बेतात असताना या बाईंनी सहा वर्षं नेटाने चालवलं. त्यांनी काय केलं, आणि त्यांचं कुठे चुकलं, हे दोन्ही आपण शिकण्यासारखं आहे. बैठकीत एकीने हा पाठ मोठ्याने वाचावा आणि शेवटच्या प्रश्नांवर सगळ्यांनी बोलावं.

मुलाच्या आठवणीत विद्यापीठ

जेनबाईंचा जन्म 1828 सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचा. 1850 मध्ये लेलंड स्टॅनफर्ड या वकिलाशी त्यांचं लग्न झालं. पुढे दोघं कॅलिफोर्नियात स्थायिक झाली. लेलंड तिथे व्यापारात शिरले, राज्याचे गव्हर्नर झाले आणि एका मोठ्या रेल्वे कंपनीचे अध्यक्षही झाले. अमेरिकेचा पूर्व आणि पश्चिम भाग जोडणारा लोहमार्ग 1869 मध्ये पूर्ण झाला. त्याचा पश्चिमेकडचा भाग याच कंपनीने बांधला. डोंगर फोडायचं जिवावरचं काम हजारो चिनी मजुरांनी केलं आणि त्यांना गोऱ्या मजुरांपेक्षा कमी मोबदला मिळाला. स्टॅनफर्ड घराण्याच्या श्रीमंतीत त्या मजुरांचाही घाम आहे, हे विसरून चालणार नाही.

लग्नानंतर अठरा वर्षांनी, 1868 मध्ये, या जोडप्याला मुलगा झाला. एकुलता एक. 1884 मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात टायफॉईडने तो गेला. सोळावं वर्ष पुरं व्हायला दोन महिने बाकी होते. आई-बाप पार कोलमडले. मग दोघांनी ठरवलं, की आपलं मूल नाही राहिलं, तर आता दुसऱ्यांच्या मुलांना आपलं मानायचं. 1885 मध्ये त्यांनी विद्यापीठाचं दानपत्र केलं. पालो आल्टो इथली आपली आठ हजार एकरांहून मोठी जमीन आणि इतरही मिळकत विद्यापीठाला दिली. 1 ऑक्टोबर 1891 रोजी वर्ग सुरू झाले. मुलगे आणि मुली दोघांनाही प्रवेश होता आणि शिकवणीची फी नव्हती.

दानपत्रातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. त्यावर सह्या दोघांच्या होत्या. विद्यापीठावरचे अधिकार हयातीत दोघांकडे राहतील आणि एक गेला तर मागे राहिलेल्याकडे जातील, असं त्यात लिहून ठेवलं होतं. पुढे सगळं याच एका कलमावर तरलं.

पैसा होता, पण हातात नव्हता

जून 1893 मध्ये लेलंड गेले. विद्यापीठ सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेत मोठी मंदी आली, बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. मयताची मिळकत कोर्टाच्या ताब्यात गेली. कर्ज, देणी, वारस यांचा हिशेब पुरा होईपर्यंत त्यातला पैसा काढता येत नव्हता. त्यात 1894 मध्ये सरकारने दावा लावला. रेल्वे बांधताना सरकारकडून जे कर्ज घेतलं होतं, त्यातला लेलंड यांचा वाटा म्हणून सुमारे दीड कोटी डॉलर त्यांच्या मिळकतीतून द्या, अशी मागणी होती. दावा सरकार जिंकलं असतं तर विद्यापीठाला काहीच उरलं नसतं.

सल्लागारांनी सांगितलं, निकाल लागेपर्यंत विद्यापीठ बंद ठेवा. जेनबाईंनी थोडे दिवस विचार केला आणि सांगितलं, विद्यापीठ चालू राहील. अधिकार त्यांचाच होता, कारण दानपत्रात तसं लिहिलेलं होतं. कागदावर नाव नसतं, तर त्यांचं कुणी ऐकलं असतं का?

अधिकार होता, पण पगाराला पैसे कुठून आणायचे? कोर्टाने जेनबाईंना घरखर्चासाठी महिन्याला दहा हजार डॉलर मंजूर केले होते. एवढ्या मोठ्या घराण्याचा खर्च तेवढाच असेल, असा हिशेब. जेनबाईंनी घरचे सतरा नोकर कमी करून तीनच ठेवले आणि महिन्याचा घरखर्च साडेतीनशे डॉलरवर आणला. म्हणजे शंभरातले साडेतीन घराला. बाकी सगळे प्राध्यापकांच्या पगाराला गेले. प्राध्यापक हे जणू जेनबाईंच्या घरचेच नोकर आहेत असं धरून कोर्टाने त्याला मोकळीक दिली.

1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जेनबाईंच्या बाजूने लागला. तरी हाती रोकड लगेच आली नाही. 1897 मध्ये त्या आपले दागिने घेऊन लंडनला गेल्या. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा सोहळा तिथे होता, तेव्हा चांगला भाव येईल असं वाटलं होतं. पण भाव मिळाला नाही आणि बरेचसे दागिने परत आणावे लागले. शेवटी 1899 मध्ये मिळकत मोकळी झाल्यावर रेल्वेतला आपला हिस्सा विकून त्यांनी सुमारे एक कोटी दहा लाख डॉलर विश्वस्तांच्या हवाली केले.

पत्रांत काय दिसतं

जेनबाईंची पुष्कळ पत्रं विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवली आहेत. त्यातली बरीच विद्यापीठाचे प्रमुख डेव्हिड स्टार जॉर्डन यांना लिहिलेली आहेत. मुलाची आणि नवऱ्याची आठवण, पैशाची काळजी, काटकसरीच्या सूचना, कुणाला ठेवायचं आणि कुणाला नाही, हे सगळं त्यात आहे. मनातलं दुःख आणि संस्थेचा हिशेब एकाच कागदावर सापडतो. त्यामुळे कोणता निर्णय कधी आणि का झाला, हे आज शंभर वर्षांनीही कळतं.

पण पत्रं फक्त चांगलंच सांगत नाहीत. एडवर्ड रॉस नावाचे प्राध्यापक भाषणांतून रेल्वेवाल्या श्रीमंतांना खटकणारी मतं मांडत. आशियातून येणाऱ्या मजुरांना बंदी घाला, असंही ते म्हणत. जेनबाईंना हे आवडलं नाही. त्यांनी जॉर्डन यांना पत्र लिहून रॉस यांना काढायला सांगितलं आणि 1900 मध्ये रॉस यांना जावं लागलं. रॉस यांचं मजुरांबद्दलचं मत आपल्यालाही पटणार नाही. पण प्रश्न वेगळाच होता. पैसे देणाऱ्या एका व्यक्तीला एखाद्याचं बोलणं आवडलं नाही, म्हणून त्याची नोकरी जावी का? याच्या निषेधात आणखी काही प्राध्यापकांनी राजीनामे दिले.

दुसरी गोष्ट मुलींची. विद्यापीठात मुलींची संख्या वाढत चालली, तेव्हा 1899 मध्ये जेनबाईंनी नियम घातला, की एका वेळी पाचशेपेक्षा जास्त मुली शिकणार नाहीत. मुलाच्या नावाने काढलेली संस्था मुलींचं कॉलेज होईल, अशी त्यांना भीती होती. बाईने बाईंना घातलेली ही मर्यादा 1933 मध्ये सैल झाली आणि कागदावरून पूर्णपणे निघायला 1973 उजाडलं. एका सहीने घातलेला नियम काढायला दोन पिढ्यांहून जास्त काळ लागला.

अधिकार सोडणं

1903 मध्ये, वयाची पंचाहत्तरी जवळ आली असताना, जेनबाईंनी आपले खास अधिकार विश्वस्त मंडळाकडे सोपवले. तोवर शेवटचा शब्द त्यांचा होता, यानंतर तो मंडळाचा झाला. त्यांना मंडळाचं अध्यक्षपद मिळालं, पण एकटीच्या मर्जीवर चालणारी संस्था आता नियमावर आली. विद्यापीठ वाचवण्याइतकंच हे पाऊल मोलाचं होतं, कारण पुढे दोनच वर्षांत जेनबाई गेल्या. 28 फेब्रुवारी 1905 रोजी होनोलुलू इथे त्यांचा मृत्यू झाला. तिथल्या चौकशीत विषबाधेचा निष्कर्ष निघाला. जॉर्डन यांनी तो मानला नाही आणि कुणावरही गुन्हा शाबीत झाला नाही. बाई अशी अचानक गेली, पण विद्यापीठात दुसऱ्या दिवशी सही कुणाची, हा प्रश्न उरला नव्हता.

दागिन्यांचंही त्यांनी मागे लिहून ठेवलं होतं. आपल्या पश्चात ते विकावेत आणि येणाऱ्या पैशातून ग्रंथालयासाठी कायमचा निधी करावा. विश्वस्तांनी तसंच केलं. त्या निधीतून आजही पुस्तकं घेतली जातात.

आपल्यासाठी काय

आपली रक्कम लहान असेल, गोष्ट तीच आहे. घराच्या उताऱ्यावर आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव आहे का, खात्याला नॉमिनी लावली आहे का, हे माणूस धडधाकट असतानाच बघायचं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा हक्क सारखा असतो. पण वारस नोंद लागल्याशिवाय तो हक्क कागदावर दिसत नाही. तलाठी कार्यालयात अर्ज द्यायला उशीर करू नका.

आणि गटाचं बघा. एखादी ताई पहिल्या दिवसापासून गट ओढते. बँकेत तीच जाते, रजिस्टर तीच लिहिते, कर्ज कुणाला द्यायचं तेही तीच ठरवते. तिच्या कष्टाचं मोल आहेच. पण ती आजारी पडली की गट थांबत असेल, किंवा तिला न पटणारी बाई बैठकीत गप्प बसत असेल, तर तो गट अजून तिचाच आहे, आपला झालेला नाही.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्यातल्या किती जणींचं नाव घराच्या किंवा शेताच्या कागदावर आहे? हात वर करून मोजा आणि आकडा इतिवृत्तात लिहा.
2. जेनबाईंनी घरखर्च कापून पगार दिले. आपल्या गटावर अडचण आली तर पहिला खर्च कोणता कमी कराल?
3. जास्त बचत असलेल्या सदस्याचं मत जास्त चालावं का? रॉस यांचं उदाहरण घेऊन बोला.
4. आपल्या गटाचा एखादा नियम आपल्याच बाईला मागे ठेवतो का? असेल तर तो आजच बदलायला घ्या.
5. अध्यक्ष, सचिव शेवटच्या कधी बदलल्या? पुढची ताई शिकून तयार आहे का?

पहिल्या प्रश्नाचा आकडा सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. तो वाढलेला दिसला, तर हा पाठ उपयोगी पडला असं समजा.