ट्रॉलीची दांडी आणि तुझी कंबर

विटा, १२ डिसेंबर

चि. बाळास,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू ‘बरं आहे मामा’ म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहायला बसलो. शेवटपर्यंत वाच आणि आक्काला दाखवू नकोस.

रविवारी इस्लामपूरच्या लग्नात तुमच्या गल्लीतले दोघे भेटले. एकानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, की तू मागच्या ट्रॉलीची दांडी एकटा उचलून हुकात बसवतोस आणि कारखान्याच्या यार्डात पोरं त्याचं मोबाइलवर शूटिंग करतात. दुसरा सहज बोलून गेला, की परवा पंगतीतून उठताना तू भिंत धरलीस. त्यांच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. मला पुढं घास गेला नाही.

आधी एकच सांग. कळ कमरेतच राहते, की ढुंगणातून मांडीच्या मागनं पोटरीत, पावलात उतरते? खोकताना, शिंकताना वाढते का? याचं उत्तर मला खरं पाहिजे.

पंचविशी ओलांडली नाहीस अजून. भिंत धरून उठायचं वय आहे का हे? आपल्या घरात कंबर म्हणजे काय हे कुणी सांगायला लागत नाही. थोरल्या दादानं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहिली, तेव्हा पोतं क्विंटलचं असायचं. माथाडी कामगारांचा कायदा १९६९ साली झाला, पोत्यांची वजनं पुढं हळूहळू उतरली, पण दादाच्या पाठीला त्याचा काय उपयोग? तू लहान होतास, तरी तुला आठवत असेल, तो ओट्यावर बसायचा तो दोन्ही हात गुडघ्यावर रेटून. बाकी मी लिहीत नाही. तुला माहीत आहे.

तू म्हणशील, मी पोतं कुठं वाहतोय, दांडी तर उचलायची आणि पिन टाकायची. बाळा, मी आयुष्यभर ट्रॉल्या बांधल्या. चार चाकी ट्रॉलीचा भार तिच्या चाकांवर असतो हे खरं, पण दांडीचं टोक जमिनीवरनं उचलायचं म्हटलं तर चाळीस किलोच्या खाली भरत नाही. युरियाचं पोतं आता पंचेचाळीसचं येतं, म्हणजे जवळपास तेवढंच. पण पोतं छातीशी धरता येतं. दांडी धरता येत नाही. ती गुडघ्याच्या खाली असते, पाय मागे राहतात, हात पुढं जातात, आणि मणक्यापासून हातभर लांब वजन येतं. पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम दोन इंच अंतरावर आहेत. एवढ्याशा अंतरावरनं त्यांना ते वजन तोलावं लागतं, म्हणून चाळीस किलोचे कमरेवर साडेतीनशे-चारशे होतात. वाकलेल्या धडाचा भार त्यात मी धरलेलाच नाही. पहारीचं गणित तुला येतं ना? तेच गणित इथं तुझ्यावर उलटलेलं असतं.

मिरजेच्या ताईला मी मुद्दाम विचारलं. रोज ती दवाखान्यात असलेच कमरेचे पेशंट उभे करते. दोन मणक्यांमध्ये गादी असते, बाहेरून चिवट आणि आत मऊ. तू वाकून, वर कमरेतनं वळून जोर लावतोस, तेव्हा गादीच्या पुढच्या कडेवर सगळा भार येतो आणि आतलं मऊ मागं सरकतं. पुरणपोळी लाटताना एका अंगाला लाटणं दाबलं की दुसऱ्या अंगानं पुरण फुटतं, तसं. आणि नेमकी मागच्या बाजूला पायाकडं जाणारी नस असते. म्हणून मी कळ पायात उतरते का विचारतोय. गादी सरकण्याचं दुखणं बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या दोन गाद्यांचंच असतं, त्यामुळं दुखतं कमरेत आणि बधिर होतो पायाचा अंगठा.

ताईनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला या वयात नवी होती. रात्री झोपल्यावर या गाद्या पाणी ओढून फुगतात. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच भरतो. फुगलेली गादी वाकताना जास्त ताणली जाते, म्हणून उठल्यावरचा पहिला तास वाकून वजन उचलायला सगळ्यात वाईट. आणि तू काय करतोस? वजनकाट्याच्या रांगेत रात्रभर सीटवर मुटकुळं करून झोपतोस, पहाटे गव्हाणीत ऊस खाली करतोस, थंडीत कडक झालेल्या अंगानं प्लॉटवर येतोस, एक ट्रॉली रस्त्याकडेला सोडतोस, दुसरी घेऊन सरीतनं आत जातोस. भरून आलास की परत जोडणं. प्रत्येक खेपेला सोड आणि जोड. ट्रॅक्टरच्या सीटवर तासन् तास हादरे खाऊन उतरलेली पाठसुद्धा लगेच वजनाला तयार नसते. उतरल्यावर दोन-चार मिनिटं चाल, ट्रॉलीभोवती फेरी मार, टायर बघ. तेवढ्यानं टोळीची मोळी अडत नाही.

आता कामाचं. दांडी हातानं उचलायचीच नाही. यातच सगळं आलं. दांडीच्या टोकाजवळ हँडलचं स्टँड असतं, फिरवलं की वर-खाली होणारं. तुझ्या ट्रॉलीचं कुठं गेलं? बहुतेकांचं वाकलेलं असतं किंवा ‘वेळ खातंय’ म्हणून कापून टाकलेलं. दगडावर दांडी टेकवून ठेवणं म्हणजे स्टँड नव्हे. स्टँड असलं की दांडी हुकाच्या उंचीला आधीच उभी राहते, मग ट्रॅक्टरनं मागं यायचं एवढंच काम उरतं. जोडीला पुढच्या फळीपासून दांडीला साखळी घेतली तर मोकळी दांडी जमिनीवर पडतच नाही.

आणि भोकाला भोक जुळत नाही तेव्हाची गोष्ट सांगतो, कारण पाठी तिथंच जातात. दोन बोटं अंतर राहतं. ड्रायव्हर म्हणतो, आता परत कुठं गाडी घ्यायची. मग तो उतरतो, दांडी मांड्यांच्या मध्ये घेतो, एका हातानं रेटतो, दुसऱ्या हातात पिन, कंबर वळलेली, एक पाय सरीत आणि एक बांधावर. त्या क्षणी दांडी हलतेही आणि पाठही जाते. पिन टाकणारी बोटं हुकात सापडली तर तीही. दोन बोटं अंतर ट्रॅक्टरला काढू दे. पन्नास एचपीचं इंजिन कर्ज काढून घेतलंय ते कशासाठी? गाडी परत पुढं घे, परत मागं घे, दहा वेळा घे. मागं घेताना हाताखालच्या पोराला मध्ये उभं करू नकोस, बाजूला तुला दिसेल असं उभं कर. तो मध्ये असला तर माझी झोप तुझ्या कमरेपेक्षा त्याच्या जिवासाठी उडेल.

पिन अडकली तर घणानं ठोकून, हिसका मारून ओढू नकोस. पिनेवर ताण असतो म्हणून ती निघत नाही. ट्रॅक्टर नखभर मागं-पुढं केला की ती दोन बोटांनी निघते. ग्रीस लावत जा. सोडण्याआधी ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लाव, ट्रॅक्टरचा हँडब्रेक ओढ आणि इंजिन बंद कर.

दोन चाकी डंपिंग ट्रॉलीला याहून जास्त जपायचं. तिचं नाक हुकावरच टेकलेलं असतं, शेणखत पुढं जास्त भरलं असेल तर तो भार कुणा माणसाला उचलणारच नाही. आणि मागं जास्त भरलं असेल तर पिन काढताच नाक वर उसळतं आणि वाकलेल्या माणसाच्या हनुवटीखाली येतं. नाक वर करायचंच असेल तर बॉटल जॅक घे, खाली फळी घाल, ट्रॉलीच्या खाली शिरू नकोस. जॅक नसेल तर पहार. पाच फुटी पहार, टेकापासून पुढं अर्धा फूट, मागं साडेचार फूट. वीस किलोच्या दाबानं दीडशे-पावणेदोनशे किलो हलतं. दाब खाली द्यायचा, पाठ सरळ ठेवायची आणि तोंड पहारीच्या वर न्यायचं नाही.

रोटाव्हेटरचंही सांगून ठेवतो. तो साडेतीनशे-चारशे किलोचा. हातानं सरकवून लिंकला आणायला जाऊ नकोस. सपाट, कडक जागेवर फळ्यांवर ठेवलेला असू दे. ट्रॅक्टर त्याच्याकडं ने. आधी डावी लिंक, मग उजवी, कारण उजवीची उंची हँडलनं कमी-जास्त करता येते, शेवटी टॉप लिंक.

ऐकतोय, की तू कमरेला पट्टा घेतलास. दुखऱ्या माणसाला चार दिवस आधार वाटतो. पण पट्टा बांधला म्हणून जास्त वजन उचलता येतं हे खोटं आहे. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याची जी सरकारी संस्था आहे, तिनं १९९४ साली सांगितलं, की धडधाकट माणसाची पाठ पट्ट्यानं वाचते याला पुरावा नाही. त्याच संस्थेच्या हिशेबात सगळं अनुकूल असतानासुद्धा, म्हणजे वजन अंगाशी, पाय सपाट, कंबर न वळवता, एका माणसानं उचलायचं ते तेवीस किलो. तू चाळीस उचलतोस, अंधारात, सरीत. आणि दुकानातनं गोळी घेऊन परत सीटवर बसतोस. गोळीनं दुखणं गप्प होतं, सरकलेलं सरकतच राहतं.

बाळा, फार बोललो. पण तुझ्या वयाचा होतो तेव्हा मलाही पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. शेडमध्ये एक्सल आला होता, चेनकप्पी दुसऱ्या कामात अडकली होती. कुणीतरी म्हणालं, हा एकटा उचलेल. उचलला. त्या रात्री काही झालं नाही, म्हणून पुढं वर्षभर तसंच चाललं. मग एका सकाळी बादली उचलायला वाकलो आणि तिथंच बसलो. आप्पा गेले तेव्हा मी अंथरुणावर होतो. मला त्यांना खांदा देता आला नाही. लोकांनी खिडकीतनं मला दाखवलं, आप्पा चालले म्हणून. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोण कोण होतं तेही आता आठवत नाही.

आक्काला एकटीला तू आहेस. भाऊजी गेल्यावर तिनं तुला कसं वाढवलं हे मी डोळ्यानं बघितलं, आणि ट्रॅक्टरच्या पहिल्या हप्त्याच्या दिवशी तिनं पूजेला केलेला नैवेद्य अजून माझ्या जिभेवर आहे. हप्ता थकेल याची तुला भीती आहे, मला कळतं. आठवडाभर खेपा कमी झाल्या तर हप्त्याचं मी बघतो. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही, तुझा मामा आहे. रागानं लिहिलेल्या ओळी दोनदा वाचू नकोस. तू कष्टाळू आहेस, व्यसन नाही, टोळीच्या माणसांशी गोड वागतोस. तुझ्याबद्दल कुणी वाईट सांगत नाही. सांगितलं ते कौतुकानंच सांगितलं.

कळ पायात उतरत असेल तर मिरजेला ताईकडं जा, ती पुढं कुणाला दाखवायचं ते सांगेल. पडून राहू नकोस, थोडं थोडं चालत राहा. अंथरूण धरल्यानं कंबर जास्त आखडते. पण पाऊल टाकताना पंजा उचलत नसेल, मांडीच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, किंवा लघवीला त्रास व्हायला लागला, तर रात्र का असेना, ट्रॉली आहे तिथं सोडून थेट मोठ्या दवाखान्यात जा. तिथं तास मोजतात, दिवस नाही. यार्डात नंबर जातो म्हणून थांबू नकोस.

गुरुवारी मी वेल्डिंग मशीन घेऊन येतो. हँडलची दोन स्टँडं तयार करून ठेवली आहेत, आणि साखळीही. दोन्ही ट्रॉल्या मोकळ्या करून घरासमोर सपाट जागेवर उभ्या कर, विजेची सोय बघून ठेव. आक्काला सांग, मामा पिठलं-भाकरी खाणार. तोवर दोघांशिवाय दांडीला हात लावू नकोस. आणि हे पत्र मिळालं की फोन कर.

तुझा,
मामा