जखमेचा निचरा

शस्त्रक्रिया झालेला मनुष्य इस्पितळांतून घरीं येतो, तेव्हां कित्येकदां त्याच्या जखमेजवळ एक नळी ठेवलेली असते. ती पाहून शेजारीपाजारी घाबरतात. कोणी ती उपटावी म्हणतो, कोणी तिचें तोंड बांधून टाकावें म्हणतो. अशा घरीं प्रार्थनेस जाणाऱ्या उपदेशक बंधूंस त्या नळीचा अर्थ ठाऊक असणें अगत्याचें आहे, म्हणून आम्ही आज हा धडा देत आहों.

शस्त्रक्रियेनंतर कधीं कधीं शरीराच्या आंत रक्त, लस किंवा पू सांचतो. त्यास बाहेर वाट न मिळाल्यास तेथें जंतू वाढतात, आणि वरून भरलेली दिसणारी जखम आंतून चिघळते. ती वाट मोकळी ठेवणें हेंच नळीचें काम. 1871 सालच्या सप्टेंबर महिन्यांत स्कॉटलंडांतील बाल्मोरल येथें व्हिक्टोरिया राणीच्या काखेंत गळूं झालें होतें. जोसेफ लिस्टर ह्या शस्त्रवैद्यानें तें कापून आंत कापडाची वात ठेवली. परंतु वातीनेंच तोंड बुजून पू तुंबला. तेव्हां त्यानें कार्बोलिक औषध फवारण्याच्या आपल्या यंत्राची रबरी नळी कापली, ती त्याच औषधांत भिजविली व जखमेंत बसविली. पू वाहून गेला व राणी बरी झाली. राणीच्या जखमेस जो नियम, तोच मजुराच्या जखमेस.

आतां सेवेचे नियम ऐका.

पहिला: नळीस अथवा पट्टीस हात लावण्यापूर्वीं व नंतर साबणानें हात धुवावे. पुसणें तें जखमेकडून बाहेर पुसावें. वापरलेला बोळा पुन्हां लावूं नये. हळद, राख, शेण, तंबाखू यांपैकीं कांहींहि लावूं नये.

दुसरा: नळी मुरगळूं किंवा ताणूं देऊं नये. पिशवी जखमेहून खालीं असावी. शोषून घेणारा रबरी फुगा असेल, तर तो अर्धा भरतांच रिता करावा, आणि दाबून धरूनच त्याचें बूच लावावें. न दाबल्यास तो ओढीत नाहीं.

तिसरा: रोज किती व कोणत्या रंगाचा स्राव आला तें लिहून ठेवावें. बहुधा तो प्रथम लाल, मग गुलाबी, पुढें पिवळसर होतो व कमी होत जातो.

चौथा: एकाएकीं पुष्कळ ताजें रक्त आलें, पू किंवा दुर्गंधि आली, ताप चढला, अथवा स्राव अकस्मात् थांबून सूज आली, तर उद्यांची वाट न पाहतां इस्पितळ गांठावें. नळी निसटल्यास ती परत आंत घालूं नये. जखमेवर स्वच्छ पट्टी ठेवून निघावें.

नळी केव्हां काढावी हें डॉक्टरांनीं ठरवावें. लवकर काढल्यास आंत सांचतें. फार दिवस राहिल्यास तिच्याच वाटेनें जंतू शिरतात.

लोकांच्या दुखण्यावर वरवरचा उपाय करून समाधान मानणाऱ्या पुढाऱ्यांस यिर्मया संदेष्ट्यानें दोष दिला (यिर्मया 6:14). मंडळींतील भांडणहि असेंच आहे; आंतलें बाहेर न काढतां केलेला समेट टिकत नाहीं. चांगल्या शोमरोन्यानें तर जखमी मनुष्याची जखम स्वतःच्या हातांनीं बांधिली. म्हणून ह्या आठवड्यांत कोणा आजाऱ्याच्या घरीं गेलां, तर प्रथम हात धुवा, मग नळी पाहा, आणि मग प्रार्थनेस बसा.