रंधा दसऱ्यानंतर

लवळ्यातल्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीत सागवानी फडताळ आहे. वडिलांच्या वेळचं, दोन पल्ल्यांचं, पितळी कडीचं. मृग लागून पंधरा दिवस झाले की त्याचे पल्ले जड होतात. डोंगरावरच्या सिंबायोसिसच्या इमारती दिवसचे दिवस ढगात जायला लागल्या की कडी कोयंड्यात बसतच नाही. आणि वैशाखात त्याच दोन पल्ल्यांमधल्या फटीतून आतल्या बरण्या दिसतात. ते फडताळ हाताळता हाताळता जे शिकलो ते सांगतो.

१. पावसात रंधा लावू नये.

हे सगळ्यात आधी सांगतो, कारण मी ते केलं आहे. गौरी-गणपतीला पाहुणे येणार होते आणि आईला दार उघडताना दोन्ही हात लावावे लागत होते. गावातल्या म्हाताऱ्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी पल्ल्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "दादा, आत्ता मारू नका रंधा. दसरा होऊ द्या. लाकूड प्यायलंय पाणी, ते सोडंल." मला घाई होती. रंधा मागून आणला आणि कड मीच तासली. दार झकास लागलं. शिमग्याला त्या फटीत पेन्सिल जात होती. मग सागाची बारीक पट्टी चिकटवून घ्यावी लागली. तिचा रंग जुन्या लाकडाशी अजून जुळलेला नाही, आणि ती पट्टी पाहिली की आजही वाईट वाटतं.

२. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही.

हवेतली आर्द्रता बराच काळ ३० टक्क्यांच्या आसपास राहिली, तर लाकडात साधारण ६ टक्के ओलावा उरतो. ८० टक्क्यांवर तो १६च्या जवळ जातो. आपल्याकडे एप्रिलमधली दुपार आणि श्रावणातली झड यांत एवढं अंतर सहज पडतं. लवळ्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी असं पश्चिमेकडे जावं तसा पाऊस वाढत जातो, म्हणून तिकडच्या घरांतली दारं आणखी अडतात. पॉलिश केलेलं, घरातलं लाकूड एवढा पूर्ण हेलकावा घेत नाही. पण ओलावा ४ टक्के जरी वाढला, तरी ४५ सेंटिमीटर रुंदीची सागाची फळी सुमारे ३ मिलिमीटर रुंद होते. वयाच्या वलयांना काटकोनात चिरलेली फळी याच्या निम्म्याने हलते. साग तसा शहाणा. हे आकडे त्याचे आहेत, म्हणजे चांगल्या लाकडाचे.

३. कुठे घासतं ते आधी पाहावं.

पल्ला मधल्या जोडावर, उभ्या कडेला घासत असेल तर ते फुगणं. खालचा कोपरा घासत असेल तर बहुधा वरच्या बिजागरीचा स्क्रू ढिला झाला आहे आणि पल्ला लोंबतो आहे. त्यात पावसाचा दोष नाही. कडेला खडू चोळून दार एकदा लावायचं. जिथे खडू पुसला जातो ती जागा. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर त्यात फेविकॉल लावून बांबूची काडी ठोकायची, वाळू द्यायची आणि स्क्रू पुन्हा पिळायचा. नुसतं घासत असेल तर कडेला मेण फिरवलं तरी पावसाळा निघून जातो.

४. प्लायवूडच्या दाराचं दुखणं वेगळं.

ओट्याखाली नवीन ट्रॉल्या केल्या, त्यांना आतून बसणाऱ्या, ३५ मिलिमीटर भोकाच्या बिजागऱ्या आहेत. प्लायमध्ये थर आडवे-उभे असल्यामुळे ते फारसं फुगत नाही. तिथे दारं वाकडी दिसली तर स्क्रूड्रायव्हर पुरतो: पुढचा स्क्रू दार डावी-उजवीकडे नेतो, मागचा आत-बाहेर, आणि पट्टीचे स्क्रू सैल केले की वर-खाली. एका वेळी अर्धाच वेढा द्यावा आणि दार लावून पाहावं. सुरुवात एका टोकाच्या दारापासून करावी. मधूनच धरलं की सगळी ओळ बिघडते. मात्र सिंकखालचं दार एमडीएफचं असेल आणि कडेतून पाणी शिरलं असेल, तर ते दसऱ्याला पूर्वपदावर येत नाही. ते बदलावंच लागतं.

५. पॉलिश सहाही बाजूंना हवं.

पल्ल्याची वरची आणि खालची कड कोणाला दिसत नाही म्हणून कोरी ठेवतात, आणि पाणी सगळ्यात जास्त पितात त्याच जागा, कारण तिथे उभ्या पट्ट्यांची तोंडं उघडी असतात. एकाच अंगाला पॉलिश केलेला पल्ला पिळतो. पॉलिशने ओलावा थांबत नाही, त्याचा वेग मंदावतो. एवढंही पुष्कळ आहे. हे काम कोरड्या दिवसांत करावं. पावसात लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं.

६. चौकटीतली फळी मोकळी असू द्यावी.

जुन्या सुतारांनी ती खाचेत नुसती बसवलेली असते, चिकटवलेली नसते. दुरुस्तीत कोणी प्रेमाने फेविकॉल भरला, की ती पुढच्या उन्हाळ्यात तडकते.

७. नोंद ठेवावी.

डाव्या पल्ल्याच्या आतल्या अंगाला मी पेन्सिलीने महिना आणि फट लिहितो. शेजारी एक साधा आर्द्रतामापक टांगला आहे. नवीन दार करून घ्यायचं तर या नोंदी उपयोगी पडतात: मे महिन्यात बनवलेल्या दाराला फुगायला जागा ठेवावी लागते, ऑगस्टमध्ये बनवलेलं जरा घट्टच बरं. दसऱ्यानंतर पंधरा दिवस थांबून, तरीही खडू पुसला गेला, तर मी रंधा काढतो. पातं अगदी कमी सोडतो आणि दोनच हात मारतो. मागच्या कार्तिकात निघालेला भुसा आईच्या एका मुठीत मावला. तिने तो चुलीत न घालता तुळशीत टाकला.